हळद, गुलाब आणि चिपाडाचा धूर: ओएच कुठं बसलाय त्यावर सगळं

हळदीचा डाग धुवायला साबण लावला की डाग जायच्या ऐवजी लालभडक होतो आणि घासणारा माणूस दचकतो, हे आपल्या सांगलीकडं तरी कुणाला नवीन नाही. पाण्यात खळबळून साबण निघाला की तो परत पिवळा, आणि तसाच उन्हात वाळत टाकला की दोन-चार दिवसांत फिका पडत पडत जातो. या एका डागात जेवढी ऑरगॅनिक केमिस्ट्री आहे तेवढी समजली तर गुलाबपाणी, मोगरा, लवंग, खरजेचं औषध, बेदाणा आणि गुऱ्हाळाचा धूर हे सगळं एकाच घराण्यातलं आहे हे कळायला फार कष्ट पडत नाहीत. बारावीत हा धडा आपण पाठ करून पास झालो आणि विसरलो, कारण पुस्तकात सगळी नावं होती पण आपल्या घरातलं काहीच नव्हतं.

तर आधी दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक म्हणजे बेंझिनची रिंग. १८२५ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेनं गॅसबत्तीच्या तेलकट गाळातून बेंझिन वेगळं काढलं, पण ते आतून असतं कसं हे सांगायला १८६५ उजाडलं, तेव्हा केकुले नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं की सहा कार्बन गोल करून उभे आहेत. त्यातली गंमत अशी की यातले सहा इलेक्ट्रॉन कुठल्याच एका कार्बनच्या मालकीचे नसतात, वारीतल्या गोल रिंगणात अश्व जसा सगळ्यांच्या समोरून पळतो, अमक्याच्याच पुढं थांबत नाही, तसे ते रिंगभर असतात. त्यामुळं ही रिंग भलती टिकाऊ. तापवा, उकळा, झाडाच्या पोटात इकडून तिकडं न्या, बाजूच्या शेपट्या तुटतात पण रिंग सहसा तुटत नाही. केमिस्ट्रीवाले अशा रिंगवाल्या पदार्थाला अरोमॅटिक म्हणतात, मग त्याला वास असो नाहीतर नसो. गवती चहातलं सिट्रल, गुलाबातलं जिरॅनिऑल, चंदनातलं सँटालॉल यांचा वास घमघमतो पण त्यांच्यात ही रिंगच नाही, म्हणजे ते या घराण्यातले नव्हेत. उलट हळदीतलं शुद्ध कर्क्युमिन हुंगलं तर नाकाला जवळपास काहीच लागत नाही आणि त्याच्याकडं मात्र दोन रिंगा आहेत. (हळदीचा जो वास येतो तो कर्क्युमिनचा नाहीच, तो तिच्या तेलातल्या टर्मेरोन नावाच्या मंडळींचा.)

दुसरी गोष्ट ओएच, म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेला एक हायड्रोजन. हा ओएच थेट रिंगच्या कार्बनवर बसला तर त्या पदार्थाला फिनॉल म्हणायचं. आणि रिंगला आधी एक कार्बनची शेपटी आणि त्या शेपटीवर ओएच असेल तर ते अरोमॅटिक अल्कोहोल. एका कार्बनचा फरक. ऐकायला फालतू वाटतो, पण या एका कार्बनमुळं पदार्थाचा सगळा स्वभाव बदलतो.

बदलतो कसा ते हळदीवरच बघा. कर्क्युमिन फिनॉलवाला आहे, त्याच्या दोन्ही टोकांना रिंग आणि दोन्ही रिंगांवर थेट ओएच, मधे सात कार्बनची साखळी. साबण, चुना, पापडखार हे सगळं अल्कलाइन, म्हणजे हायड्रोजन हिसकावून घेणारं. फिनॉलचा हायड्रोजन पटकन सुटतो, कारण तो गेल्यावर ऑक्सिजनवर जो जादा चार्ज उरतो तो एकट्यानं सांभाळायला लागत नाही, रिंगभर पसरून टाकता येतो. शेपटीवरच्या ओएचला ही सोय नाही, मधे कार्बन आडवा आलेला असतो, म्हणून अरोमॅटिक अल्कोहोल चुन्याला दाद देत नाही. दोघांच्या हायड्रोजन सोडण्याच्या तयारीत लाखपटीच्या घरातला फरक आहे. आता कर्क्युमिननं हायड्रोजन सोडला की त्याच्या सगळ्या लांबीवरच्या इलेक्ट्रॉनचा मामला बदलतो. आधी ते निळा-जांभळा प्रकाश गिळत होतं म्हणून आपल्याला पिवळं दिसत होतं, आता ते हिरव्याच्या बाजूचा प्रकाश गिळायला लागतं आणि आपल्याला दिसतंय लाल. लिंबू पिळा, हायड्रोजन परत मिळाला, परत पिवळं. घरी करून बघायचं असेल तर हळद थोड्या सॅनिटायझरमध्ये कालवा (पाण्यात कर्क्युमिन विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं), त्यात कागद बुडवून वाळवा आणि त्यावर एका काडीनं चुन्याच्या पाण्याचं चित्र काढा. पोरं खूश होतात.

इथं चौकस माणूस विचारेल की मग कुंकवाचं काय. जुन्या पद्धतीनं कुंकू हळदीचंच करायचे, पण त्यात लिंबाचा रस भरपूर असायचा, आणि लिंबू तर ॲसिड, त्यानं हळद पिवळी राहायला पाहिजे होती. बरोबर शंका आहे. यात खरा खेळ टाकणखाराचा, म्हणजे बोरॅक्सचा. बोरॅक्समधला बोरॉन लिंबाच्या ॲसिडमध्ये कर्क्युमिनच्या मधल्या साखळीवरच्या दोन ऑक्सिजनना धरून बसतो आणि वाळताना एक वेगळाच पक्का लाल पदार्थ तयार होतो. हा लाल लिंबानं उतरत नाही, कारण इथं हायड्रोजनची देवघेव नाहीच, नवीन जोडणी झालेली असते. चुन्याचा लाल तात्पुरता, बोरॉनचा लाल टिकाऊ. लॅबमध्ये कशात बोरॉन आहे का हे बघायला हळदीचा कागद वापरायची टेस्ट फार जुनी आहे, आणि आपल्याकडं कुंकू करणाऱ्या बाया पाट्यावर तीच रिॲक्शन वर्षानुवर्षं करत होत्या. आताचं बाजारातलं बरंचसं कुंकू हळदीचं नसतं, रंगाचं असतं, त्यामुळं आज दुकानातून आणलेल्या कुंकवावर हा प्रयोग करून मला बोलू नका.

आणि ऊन? उन्हात ती मधली साखळी तुटते. रिंगा तशाच राहतात, पण साखळी गेली की इलेक्ट्रॉनना पसरायला जागा उरत नाही आणि रंग संपतो. तुटल्यावर जे तुकडे पडतात त्यात एक व्हॅनिलीन असतं, आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचं तेच. म्हणजे उन्हात टाकलेल्या हळदीच्या फडक्यावर कणभर व्हॅनिला तयार होत असतो, वास येण्याएवढा नाही, पण होतो. हळद अंधारात आणि हवेपासून लांब ठेवायची ती याचसाठी, आणि सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये हळकुंडं वर्षानुवर्षं ठेवायची पद्धत होती तिच्यामागं किडीबरोबर हेही होतंच. २००५ च्या महापुरात या पेवांचं फार नुकसान झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे हा माल याच भागातला असं सांगणारा सरकारी शिक्का, मिळाला, तोपर्यंत गावातली बरीचशी हळद पेवातून गोडाऊनला आणि कोल्ड स्टोरेजला गेलेली होती.

कर्क्युमिनच्या कॅप्सूलबद्दल हल्ली फार विचारतात लोक, तर तेही ओएचवरच येऊन थांबतं. कर्क्युमिन पोटातून रक्तात जातंच थोडं, आणि जे जातं त्याच्या ओएचवर आपलं आतडं आणि लिव्हर एक साखरेसारखं ॲसिड चिकटवून त्याला पाण्यात विरघळणारं करतं आणि बाहेर काढतं. मिऱ्यातलं पायपरीन हे चिकटवायचं काम मंद करतं म्हणून त्या कॅप्सूलमध्ये मिरी घातलेली असते. टेस्ट ट्यूबमध्ये कर्क्युमिन जे जे पराक्रम करतं ते सगळे शरीरात होतात असं समजून पैसे घालायची घाई करू नये, एवढंच माझं मत. भाजीतली हळद भाजीत छान आहे.

आता शेपटीवाल्यांकडं येऊ. गुलाबाचा जो मऊ, गोडसर वास गुलकंदाच्या बरणीत आणि गुलाबपाण्यात येतो तो मुख्यतः फिनाइल इथाइल अल्कोहोलचा. रिंग, दोन कार्बनची शेपटी, तिच्या टोकाला ओएच, एवढंच. याची एक खोड आहे, हे पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, लिटरला साधारण २० ग्रॅम. त्यामुळं होतं काय, गुलाबाच्या पाकळ्या भट्टीवर उकळून वाफ थंड केली की वर जे तेल तरंगतं त्यात हे फारसं येत नाही, खालच्या पाण्यातच राहून जातं. किलोभर गुलाबतेलाला तीन-चार टन फुलं लागतात आणि ते तेल सोन्यासारखं विकतात, पण फुलाचा एक मोठा हिस्सा खालच्या पाण्यात, म्हणजे आपल्या स्वस्तातल्या गुलाबपाण्यात असतो. अर्थात ते खरंच फुलांपासून काढलेलं असेल तर. केवड्याच्या अत्तरात याच्याच ओएचच्या हायड्रोजनच्या जागी एक कार्बन बसवलेला असतो, बाकी सगळं सेम. तेवढ्या बदलानं गुलाबाचा केवडा होतो, म्हणजे नाकाला तरी.

हे अल्कोहोल फक्त गुलाबच करतो असं नाही. यीस्टही करतं. आपल्या सातारा-सांगलीत साखर कारखान्याच्या जोडीला जिथं डिस्टिलरी आहे तिथं मळीवर यीस्ट सोडतात, ते साखर खाऊन दारूचं अल्कोहोल करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण यीस्टला साखरेबरोबर नायट्रोजनही लागतो, तो ते अमिनो ॲसिडमधून, म्हणजे प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं त्यांच्यातून, ओढून घेतं. फिनाइल ॲलॅनिन नावाच्या अमिनो ॲसिडमधला नायट्रोजन काढून घेतला की जो सांगाडा उरतो तो यीस्टच्या कामाचा नसतो, मग ते त्याचं अल्कोहोल करून बाहेर टाकतं, आणि ते टाकलेलं म्हणजे हेच गुलाबाच्या वासाचं अल्कोहोल. फेलिक्स एर्लिख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९०७ च्या सुमारास हा मार्ग मांडला, आजही त्याच्याच नावानं ओळखतात. वाइनमध्ये, बियरमध्ये, आंबवलेल्या पिठात हे थोडं थोडं असतंच.

मग यातून एक धंद्याचा प्रश्न येतो. हेच फिनाइल इथाइल अल्कोहोल पेट्रोलियमच्या मालापासून फॅक्टरीत स्वस्तात बनतं, आणि यीस्टकडून करून घेतलेलं, ज्याला लेबलवर नॅचरल लिहिता येतं, ते कितीतरी महाग. रेणू दोन्हीकडं तोच, वास तोच, नाकाला फरक कळणार नाही. मग कुणी फसवलं तर ओळखायचं कसं? झाडं हवेतला कार्बन घेतात आणि त्यात किंचित किरणोत्सारी कार्बन-१४ असतो, पेट्रोलियम कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून असल्यामुळं त्यातला तो संपलेला असतो. लॅबमध्ये तेवढंच मोजतात. म्हणजे नैसर्गिक आणि कृत्रिम यात मोजता येण्यासारखा फरक कार्बनच्या वयाचा आहे, गुणाचा नाही. नैसर्गिक म्हणजे बिनधोक आणि केमिकल म्हणजे विष असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं त्याला उत्तर म्हणून मी पुढची गोष्ट सांगत असतो.

मोगरा, जाई, जुई यांच्या वासात बेंझाइल अल्कोहोल आणि त्याचं ॲसिटेट हे मोठे गडी. बेंझाइल अल्कोहोल म्हणजे या घराण्यातलं सगळ्यात साधं, रिंग आणि एकच कार्बनची शेपटी. त्यातले दोन हायड्रोजन काढले की होतं बेंझाल्डिहाइड, कडू बदामाचा वास, जो स्वस्त बदाम इसेन्समध्ये येतो तो. त्याला आणखी एक ऑक्सिजन दिला की बेंझोइक ॲसिड, जे सोडियम बेंझोएट होऊन सॉस, सरबत, लोणच्याच्या बाटलीवर आयएनएस २११ या नंबरानं छापलेलं असतं. अल्कोहोल, मग अल्डिहाइड, मग ॲसिड, हा जिना या घराण्यात सगळीकडं दिसतो, दालचिनीतसुद्धा तसाच आहे, फक्त तिथं मधल्या पायरीवरच्या सिनॅमाल्डिहाइडचा जोर असतो. आणि बेंझाइल अल्कोहोल आणि बेंझोइक ॲसिड एकमेकांना जोडले की बेंझाइल बेंझोएट, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं खरजेचं पांढरं पातळ औषध. मानेखाली सगळ्या अंगाला लावायचं आणि घरातल्या सगळ्यांनी एकदमच लावायचं, नाहीतर खरूज फिरत राहते, हे डॉक्टर सांगतात ते मनावर घ्या.

बेंझाइल अल्कोहोल जंतू वाढू देत नाही म्हणून कित्येक इंजेक्शनच्या बाटल्यांत एक टक्क्याच्या आसपास घातलेलं असतं. मोठ्या माणसाचं लिव्हर त्याचं बेंझोइक ॲसिड करतं, मग त्याला ग्लायसीन जोडून हिप्युरिक ॲसिड करतं आणि ते लघवीतून निघून जातं. (हे हिप्युरिक ॲसिड लीबिगनं १८२९ साली घोड्याच्या मूतात शोधलं, गवत खाणाऱ्या जनावराच्या पोटात रिंगवाला माल भरपूर जातो त्यामुळं.) पण अमेरिकेत १९८२ मध्ये लक्षात आलं की दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या अगदी छोट्या बाळांच्या नळ्या धुवायला हे घातलेलं सलाइन वापरत होते आणि त्या बाळांना श्वासासाठी धाप लागत होती, काही दगावलीसुद्धा. त्यांच्या कोवळ्या लिव्हरला ग्लायसीन जोडायची ती शेवटची पायरी जमत नव्हती, ॲसिड रक्तात साठत गेलं. मोगऱ्याच्या फुलातलाच रेणू. त्यानंतर नवजात बाळांसाठी याशिवायचं सलाइन वापरायचा नियम पडला. पदार्थ कुठून आला याच्यापेक्षा तो कुणाच्या अंगात किती गेला आणि त्या अंगाला तो बाहेर काढता येतो का, हे बघायला लागतं.

स्वयंपाकघरातले बाकीचे पटापट सांगतो. लवंगेतलं युजेनॉल फिनॉलवालं, दाढ दुखली की लवंगेचं तेल लावतो ते त्याच्याच जिवावर, आणि डेंटिस्ट झिंक ऑक्साइडबरोबर कालवून तात्पुरतं जे सिमेंट भरतो त्यातही तेच. ओव्यातलं थायमॉल फिनॉलवालं. बडीशेप आणि बाद्यानातलं ॲनेथॉल हे फिनॉलचा हायड्रोजन जाऊन तिथं कार्बन आलेलं, म्हणून ते तिखट न लागता गोड लागतं. फिनॉलवाले बहुतेक जिभेला झोंबतात, जंतूंनाही झोंबतात, हा ढोबळ नियम.

आता हे सगळं झाड करतं कुठनं? झाडांकडं, बुरशीकडं आणि बऱ्याच जंतूंकडं साध्या साखरेपासून रिंग बांधायचा एक कारखाना आहे, त्याला शिकिमेट मार्ग म्हणतात. शिकिमिक ॲसिड १८८५ साली जपानमधल्या शिकिमी नावाच्या झाडापासून वेगळं काढलं, आपल्या बाद्यानाच्या कुळातलंच झाड. बर्ड फ्लू, स्वाइन फ्लूच्या काळात टॅमिफ्लू करायला हे ॲसिड लागायचं आणि ते काढायचे बाद्यानातून. हा मार्ग माणसात नाही, जनावरात नाही, म्हणून फिनाइल ॲलॅनिन आपल्याला डाळ, दूध, अंडी यातून खावं लागतं. शेतकऱ्यांना याची दुसरी ओळख आहे: ग्लायफोसेट तणनाशक याच मार्गातलं एक एन्झाइम, म्हणजे रिॲक्शन घडवून आणणारं प्रोटीन, बंद पाडतं. तणाला नवीन रिंग बांधता येत नाही, ते आठ-दहा दिवसांत पिवळं पडत जातं. लगेच मरत नाही त्याचं कारणही हेच, साठा संपेपर्यंत ते तग धरून असतं.

या कारखान्याचा सगळ्यात जास्त माल वासात, रंगात जातच नाही, तो जातो लाकडात. कोनिफेरिल, सिनापिल आणि कुमारिल अशी तीन अल्कोहोलं आहेत, त्यांच्याकडं शेपटीवरही ओएच आणि रिंगवरही ओएच, दोन्हीकडून धरता येतं, म्हणून झाड ती एकमेकांत वेडीवाकडी गुंतवून लिग्निन करतं. उसाचं कांडं उभं राहतं ते त्याच्यामुळं. जनावर चिपाड खात नाही, खाल्लं तरी पचत नाही, त्याला कारण लिग्निन. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड घातलं की लिग्निन जळताना तुटतं आणि ग्वायकॉल, सिरिंगॉल असे धुरकट गोड वासाचे फिनॉल बाहेर पडतात. गुऱ्हाळाजवळून जाताना रस उकळल्याच्या गोड वासाखाली तो दुसरा खमंग वास असतो तो यांचा. जर्मनीत टीमान आणि हारमान या दोघांनी १८७४ मध्ये पाइनच्या रसातल्या कोनिफेरिनपासून, म्हणजे साखर चिकटलेल्या कोनिफेरिल अल्कोहोलपासून, व्हॅनिलीन केलं. नंतर पेपर मिलच्या सांडपाण्यातल्या लिग्निनपासूनही ते करायला लागले. जुन्या पुस्तकाला येतो तो गोडसर वासही कागदातलं लिग्निन हळूहळू मोडल्याचा.

राहिला बेदाणा. वांगं चिरून तसंच ठेवलं तर काळं पडतं, कारण त्यातल्या फिनॉलना हवेतला ऑक्सिजन आणि झाडाचंच एक एन्झाइम मिळून क्विनोन करतात आणि ते एकमेकांना जोडत तपकिरी होत जातात. वांगं पाण्यात टाकतो ते हवा तोडायला. द्राक्षाच्या मण्यात तेच होतं, सालीवर आणि गरात फिनॉल भरपूर. तासगावकडं मणी आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यानं सालीवरचं मेण मोकळं होऊन पाणी भराभर निघतं, आणि मग रॅकवर सावलीत वाळवतात, एन्झाइमला वेळ कमी मिळतो, ऊनही लागत नाही, माल हिरवट-पिवळा राहतो. काहीजण त्यावर गंधकाची धुरी देतात, सल्फर डायऑक्साइड त्या एन्झाइमला गप्प करतो आणि क्विनोन झालेच तर त्यांना माघारी फिरवतो. तसंच उन्हात वाळवलेला मणी काळपट होतो, त्यात बिघडलेलं काही नसतं, फिनॉलचा रंग फक्त बदललेला असतो, पण मार्केटला सोनेरी मालाचा भाव जास्त म्हणून सगळी धडपड. ज्यांना दमा आहे त्यांच्यातल्या काहींना ही गंधकाची धुरी सोसत नाही, त्यांनी पाकिटावर आयएनएस २२०, म्हणजे हाच सल्फर डायऑक्साइड, आहे का बघावं आणि असेल तर सरळ काळा बेदाणा घ्यावा, चवीला तो कुठं कमी नाही.